दहाजणांचे देऊळ : बेने इस्राएल समाज आणि त्याचे सिनेगॉग



आजच्या विषयाचे नाव वाचून आपल्यापैकी काहींच्या मनात एक रास्त प्रश्न आला असेल. आपल्या या तालुक्यात सिनेगॉग नाही. काळी नदीच्या खोऱ्यात, अणशीच्या रानात किंवा कॅसलरॉकच्या घाटात ज्यूंचे प्रार्थनालय आहे असे कोणी ऐकलेले नाही. मग साहित्याच्या व्यासपीठावर हा विषय कशासाठी?

याची दोन कारणे आहेत. पहिले असे की ज्या ज्यू समाजाविषयी मी बोलणार आहे, त्याची मातृभाषा मराठी आहे. बेने इस्राएल हे कोकणातले लोक. त्यांची आडनावे दिवेकर, किहीमकर, पेणकर, नवगावकर, रोहेकर, चेऊलकर अशी. आपल्याकडे घरात कोंकणी, शाळेत मराठी किंवा कन्नड आणि कचेरीत कन्नड अशी भाषांची वाटणी असते. त्यांच्याकडे घरात मराठी आणि सिनेगॉगमध्ये हिब्रू. दोन-तीन भाषांत राहणाऱ्या माणसाचे सुखदुःख इथे वेगळे समजावून सांगावे लागत नाही.

दुसरे कारण अधिक जवळचे आहे. या तालुक्याचे मूळ ठाणे सुपा. ते गाव धरणाच्या पाण्याखाली गेले, माणसे रामनगरला आणि इतरत्र गेली, तालुक्याचे नावसुद्धा बदलले. गाव उठले की घरे दुसरीकडे बांधता येतात. देवळाचे काय करायचे? देव उचलून नेला तर जुन्या जागेचे काय आणि तिथेच ठेवला तर नव्या गावाचे काय? हा प्रश्न आपल्यातल्या वडीलधाऱ्यांनी प्रत्यक्ष सोसलेला आहे. आज कोकणातल्या सिनेगॉगसमोर तोच प्रश्न उलट्या बाजूने उभा आहे. तिथे देऊळ जागेवर आहे, माणसे गेली आहेत.

‘सिनेगॉग हे लहान ज्यू समाजाचे हृदय असते’ असे एक वाक्य नेहमी म्हटले जाते. ते आज आपण तपासून पाहू. बेने इस्राएलांच्या बाबतीत ते अर्धे खरे आहे, आणि उरलेल्या अर्ध्यातच आपल्या कामाची गोष्ट आहे.

सिनेगॉग नव्हते तेव्हापासून सुरुवात करतो. या समाजाची परंपरा सांगते की फार जुन्या काळी अलिबागजवळ नवगावच्या समुद्रात एक जहाज फुटले. सात पुरुष आणि सात स्त्रिया वाचल्या. बरोबरचे सगळे बुडाले, त्यात धर्मग्रंथही गेले. जे मेले त्यांना नवगावला पुरले आणि जे जगले ते आसपासच्या गावांत पांगले. तेल गाळण्याचा धंदा त्यांनी धरला. शनिवारी त्यांचा घाणा बंद असे, म्हणून शेजारपाजारचे लोक त्यांना ‘शनवार तेली’ म्हणू लागले. गावाने त्यांना नाव दिले ते त्यांच्या सुट्टीच्या वारावरून. ते कोणाची प्रार्थना करतात याची गावाला कल्पना नव्हती. ते कधी काम करत नाहीत, एवढे मात्र गावाला पक्के ठाऊक होते.

ग्रंथ नाही, पुरोहित नाही, प्रार्थनालय नाही. मग टिकले काय? मुलाची आठव्या दिवशी सुंता टिकली. ‘शमा’ ही एकच हिब्रू प्रार्थना तोंडी टिकली. लग्न असो, सुंता असो, मयत असो, तीच म्हणायची. आणि ताटातले नियम टिकले. खवले आणि पर असलेलाच मासा खायचा, म्हणजे कोकणात राहून कोळंबी आणि कुर्ल्या सोडायच्या. मांसाबरोबर दूध नाही, म्हणून रश्शाला नारळाचे दूध. ही शेवटची युक्ती इतकी कोकणी आहे की ती धर्मनियमातून आली हे शेजाऱ्याला कळायचेही नाही.

पुढे डेव्हिड रहाबी नावाचा एक ज्यू कोकणात आला, अशी दुसरी परंपरा आहे. हे लोक खरेच आपले आहेत की नाहीत हे त्याला पाहायचे होते. त्याने कोणाला ग्रंथातले प्रश्न विचारले नाहीत. बायकांपुढे निरनिराळे मासे ठेवले आणि रांधायला सांगितले. बायकांनी बिनखवल्यांचे मासे बाजूला काढले. रहाबीची खात्री पटली. मग त्याने तीन माणसांना शिकवून तयार केले आणि गावोगाव फिरून विधी करणारे ‘काझी’ त्यांच्यापासून सुरू झाले. या कथेचा इतिहास किती आणि दंतकथा किती यावर अभ्यासकांचे वाद आहेत. कथा जे सांगते ते मात्र लक्षात घेण्यासारखे आहे. या समाजाची पहिली परीक्षा स्वयंपाकघरात झाली, आणि ती बायकांनी दिली.

त्या काळातली सणांची नावे पाहा. ‘नव्याचा सण’, ‘खिरीचा सण’, ‘बिरड्याचा रोजा’. जेरुसलेमचे मंदिर उद्ध्वस्त झाल्याचा शोक जगभरचे ज्यू ज्या दिवशी उपास करून पाळतात, तो दिवस कोकणात सोललेल्या वालांच्या बिरड्याच्या नावाने ओळखला गेला. मंदिर कोणते, ते कोणी पाडले, याची आठवण पुसट झाली. उपासानंतर ताटात काय वाढायचे ते विसरले नाही. आणि वर्षातला सर्वांत पवित्र दिवस, ज्याला इतर ज्यू ‘योम किप्पूर’ म्हणतात, त्याचे नाव इथे ‘दारफाळणीचा सण’. दारे लावून घेण्याचा सण. पांढरे कपडे घालायचे, उपास करायचा, घराची दारे बंद करून आत बसायचे, बाहेरच्या कोणाला शिवायचे नाही. दुसऱ्या दिवशी ‘शिळा सण’: दानधर्म करायचा, एकमेकांकडे जायचे.

हे ‘दार’ लक्षात ठेवावे अशी विनंती आहे. त्याच्याकडे पुन्हा यायचे आहे.

आपल्या तालुक्याच्या पश्चिमेला गोवा आहे, म्हणून इथे एक तुलना केल्याशिवाय पुढे जाता येत नाही. कोकणातल्या ज्यूंना सिनेगॉग बांधायला कोणी मनाई केली नव्हती. सिद्दी असो, आंग्रे असोत, पेशवे असोत, शनवार तेल्याने शनिवारी काय करावे यात कोणी हात घातला नाही. गोव्यात तसे नव्हते. तिथे १५६० साली इन्क्विझिशन आले आणि मधला थोडा काळ सोडला तर १८१२ पर्यंत राहिले. वनौषधींवरचा प्रसिद्ध ग्रंथ १५६३ साली गोव्यात छापणारा वैद्य गार्सिया द ओर्ता हा ज्यू वंशातला. तो १५६८ साली वारला. पुढच्याच वर्षी त्याच्या बहिणीला जाळण्यात आले, आणि १५८० साली त्याची हाडे थडग्यातून उकरून जाळली. तिथेही दारे बंद होती, पण ती भीतीने. त्याच काळात गोव्यातली हिंदू दैवते रातोरात नदीपार गेली. आपल्यापैकी कितीतरी घराण्यांच्या कुळकथा तिथूनच सुरू होतात. कोकणातले बंद दार हे सणाचे होते आणि गोव्यातले धाकाचे. बाहेरून दोन्ही सारखीच दिसली असती.

आता पहिल्या सिनेगॉगकडे येऊ. ते एका नवसातून उभे राहिले, आणि त्या नवसाचा संबंध आपल्या कर्नाटकाशी आहे.

सॅम्युअल इझिकेल दिवेकर, म्हणजेच सामाजी हसाजी दिवेकर, हे ईस्ट इंडिया कंपनीच्या मुंबई फौजेतले अधिकारी. तेलाचा घाणा सोडून बेने इस्राएल तरुण तेव्हा मोठ्या संख्येने पलटणीत जात होते. १७८० नंतरच्या म्हैसूर युद्धात दिवेकर टिपू सुलतानाच्या कैदेत पडले. हे युद्ध आपल्या जिल्ह्यातूनही गेले आहे; होन्नावरच्या किल्ल्याला टिपूने घातलेला दीर्घ वेढा त्याच युद्धातला. समाजातली कथा अशी की कैद्यांची जात विचारली गेली तेव्हा उत्तर आले, ‘बेने इस्राएल’. टिपूच्या आईने ते ऐकले. या लोकांचा उल्लेख कुराणात आहे, यांना मारू नये, असे तिने सांगितले आणि प्राण वाचले. सुटलो तर देवाचे घर बांधीन असा दिवेकरांचा नवस होता. तो त्यांनी १७९६ साली मुंबईत मांडवी भागात फेडला. त्या प्रार्थनालयाचे नाव ‘शाअर हारहमीम’. तिथल्या रस्त्याला सॅम्युअल स्ट्रीट हे नाव त्यांच्यावरूनच मिळाले. नव्या प्रार्थनालयासाठी तोराची गुंडाळी मिळवायला दिवेकर कोचीला गेले आणि १७९७ साली तिथेच वारले. प्रार्थनालय बांधणारा माणूस ते सजवायला परत आला नाही.

‘शाअर हारहमीम’ याचा अर्थ ‘दयेचे दार’. पुढे १८४० च्या दशकात मुंबईत दुसरे सिनेगॉग झाले, ‘शाअरे रासोन’, म्हणजे ‘कृपेची दारे’. ठाण्याला १८७९ साली झाले, ‘शाअर हाशामायीम’, ‘स्वर्गाचे दार’. ही नावे ज्यूंत इतरत्रही आढळतात, खास कोकणासाठी कोणी घडवली नाहीत. तरी वर्षाच्या सर्वांत मोठ्या दिवशी शेकडो वर्षे घराची दारे लावून बसणाऱ्या समाजाने आपल्या पहिल्याच प्रार्थनालयाला ‘दार’ हे नाव द्यावे, यात मला बरेच काही दिसते. आता दारफाळणीच्या दिवशी घराला कुलूप लागू लागले, पण ते सगळे घर सिनेगॉगमध्ये गेले म्हणून. प्रत्येक घर आपापल्या दाराआड एकटे उपास करत होते, ते एका छपराखाली आले. हा बदल लहान नाही.

लोकांच्या तोंडी मात्र ही हिब्रू नावे बसली नाहीत. पहिल्या सिनेगॉगला समाजातले लोकच ‘जुनी मशीद’ म्हणत आणि दुसऱ्याला ‘नवी मशीद’. मुंबईच्या मस्जिद स्टेशनाचे नाव त्यावरून पडले असेही सांगितले जाते. पुण्यात डेव्हिड ससून या बगदादी ज्यू व्यापाऱ्याने बांधायला घेतलेले, १८६७ साली पुरे झालेले, लाल विटांचे उंच मनोऱ्याचे सिनेगॉग आहे. पुणेकर त्याला ‘लाल देऊळ’ म्हणतात. एकाच धर्माच्या वास्तूला मराठीने एका शहरात मशीद म्हटले आणि दुसऱ्या शहरात देऊळ. नवा शब्द शिकण्याचा आळस म्हणून हे सोडून देता येईल. पण परक्याच्या देवघराला माणूस आपल्या ओळखीच्या शब्दाने हाक मारतो, तेव्हा त्याने ते आपल्या गावात धरलेले असते.

मुंबईनंतर कोकणात एकामागून एक सिनेगॉग उभी राहिली. रेवदंड्याला १८४२, अलिबागला १८४८, पनवेलला १८४९, पेणला १८६३. अलिबागचे ‘मागेन आबोथ’ जिथे आहे त्या गल्लीचे नावच ‘इस्रायल आळी’. कुंभारआळी, ब्राह्मणआळी, तशी इस्रायलआळी. ही सिनेगॉग दगडामातीची, कौलारू, घरगुती तोंडवळ्याची. रस्त्याने जाणाऱ्याला वाटावे, एखादा जुना वाडा आहे.

आत गेल्यावर मात्र वेगळे जग. पश्चिमेच्या भिंतीला, जेरुसलेमच्या दिशेला, पडद्यामागे ‘हेखाल’ म्हणजे कपाट. त्यात ‘सेफेर तोरा’, चर्मपत्रावर हाताने लिहिलेली धर्मग्रंथाची गुंडाळी. समोर अखंड जळणारा तेलाचा दिवा. मधोमध कठडा असलेला लाकडी चौथरा, जिथे उभे राहून वाचायचे. वर किंवा मागे स्त्रियांची जागा. एका बाजूला प्रेषित एलियाहूची खुर्ची, जिच्यावर कोणी बसत नाही. सुंतेच्या वेळी बाळाला क्षणभर तिच्यावर ठेवतात. मूर्ती नाही, चित्र नाही. कारभार पाहायला मुकादम, चौगुला, गबाई म्हणजे खजिनदार, प्रार्थना चालवणारा हझान आणि दिवाबत्ती पाहणारा शमाश. या यादीत मुकादम आणि चौगुला सरळ गावगाड्यातून आत आले आहेत, गबाई, हझान आणि शमाश हिब्रूतून. दोन जगे एकाच चोपडीत पगार आणि वर्गणी मांडत होती.

पण ज्यू धर्माचा एक नियम असा आहे की या सगळ्या सामग्रीने तो पुरा होत नाही. सार्वजनिक प्रार्थनेला तेरा वर्षांवरचे दहा पुरुष लागतात. त्याला ‘मिन्यान’ म्हणतात. नऊ विद्वान जमले तरी चालत नाही. दहा अडाणी जमले तर चालते. दहा नसतील तर तोराची गुंडाळी कपाटातून काढून विधीपूर्वक वाचता येत नाही. दहा नसतील तर मेलेल्या बापासाठी मुलाला ‘कद्दिश’ म्हणता येत नाही. घरात बसून माणूस हवी तेवढी प्रार्थना करू शकतो, पण काही शब्द एकट्याने उच्चारायचे नाहीत असे या धर्माने ठरवून ठेवले आहे.

दहा हजार वस्तीच्या शहरात या नियमाची आठवणही राहत नाही. पंधरा घरांच्या गावात तो नियम म्हणजे रोजचे जगणे. दहावा माणूस कोण? तो तेली असेल, पेन्शनर सुभेदार असेल, भावाशी दहा वर्षे न बोलणारा भाऊ असेल. तो आल्याशिवाय देवाचे काम अडते. ज्याला गावात कोणी किंमत देत नाही त्याच्या वाटेकडे नऊ माणसे डोळे लावून बसतात. लहान समाजात सिनेगॉग करते ते हे. प्रार्थना ते माणसाला मागते, आणि त्याआधी त्याची हजेरी मागते. म्हणून सुरुवातीचे वाक्य मी अर्धे खरे म्हटले. हृदय त्या इमारतीत नाही. ते त्या दहांच्या मोजणीत आहे. इमारत ही मोजणीची जागा.

आता साहित्याच्या दृष्टीने महत्त्वाची गोष्ट. सिनेगॉगमुळे हिब्रू परत आली, आणि हिब्रूबरोबर मराठीलाही नवे काम मिळाले. १८३२ साली जॉन विल्सन या स्कॉटिश मिशनऱ्याने बेने इस्राएलांसाठी मराठीतून हिब्रू व्याकरण लिहिले. त्याचा हेतू धर्मांतराचा होता. समाजाने व्याकरण घेतले आणि धर्म आपलाच ठेवला. १८४६ साली मुंबईत वल्हांडणाच्या रात्री वाचायची ‘हग्गादा’ मराठी भाषांतरासह छापली गेली. १८७४ साली पुण्यात पुन्हा एक सचित्र हग्गादा निघाली. ती छापली विठ्ठल सखाराम अग्निहोत्री यांच्या छापखान्यात, आणि तिच्या चित्रांत सणाच्या बेखमीर भाकरी भाजणाऱ्या बायका साडीत आहेत. मिसरातून सुटकेची कथा, हिब्रू अक्षरे, मराठी अर्थ, अग्निहोत्र्यांचा छापखाना. महाराष्ट्राच्या एकोणिसाव्या शतकाबद्दल काही सांगायचे असेल तर हे एक पुस्तक पुढे ठेवले तरी पुरे.

जोसेफ इझिकेल राजपूरकर (१८३४–१९०५) हे मुंबईत शाळेचे मुख्याध्यापक होते. त्यांनी वीसच्या वर हिब्रू प्रार्थनापुस्तके आणि धर्मग्रंथ मराठीत आणले. हाईम सॅम्युअल किहीमकरांनी १८७५ साली समाजासाठी शाळा काढली आणि पुढे समाजाचा इतिहास लिहिला. तो त्यांच्या मृत्यूनंतर १९३७ साली तेल अवीवमध्ये छापला गेला. आणि १८८० च्या सुमारास बेने इस्राएल कीर्तन सुरू झाले. अब्राहम, योसेफ, मोशे यांची आख्याने ओवी, साकी, दिंडीत रचायची आणि टाळ-पेटीच्या साथीने सादर करायची. ज्या गावात नामदेव-तुकारामांची कीर्तने ऐकत वाढलो तिथे आपल्या पूर्वजांची गोष्ट सांगायला दुसरा कोणता घाट सुचणार? आख्यान जुन्या कराराचे आणि चाल कोकणातली. हिब्रू प्रार्थना बायकांना आणि मुलांना कळत नसे, कीर्तन कळे. सिनेगॉगने जे पुरुषांपुरते ठेवले ते कीर्तनाने घरादारात पोचवले.

इथे थांबून दुसरी बाजूही सांगितली पाहिजे. मोजणी सुरू झाली की कोणाला मोजायचे हा वादही सुरू होतो. बेने इस्राएलांत ‘गोरे’ आणि ‘काळे’ असे दोन भेद होते. ज्यांच्या वंशात बाहेरची आई आली असे मानले जाई ते ‘काळे’. एकोणिसाव्या शतकात सिनेगॉगमधल्या मानाच्या कामांत त्यांना मागे ठेवले जाई. जातिभेद दाराबाहेर ठेवून कोणी आत गेले नाही. पुढे तोच अनुभव संबंध समाजाच्या वाट्याला आला. बगदादहून आलेले श्रीमंत ज्यू बेने इस्राएलांना आपल्या दहांत धरायला कां-कूं करत. रंगूनच्या सिनेगॉगमधल्या हक्कांवरून १९३० च्या दशकात प्रकरण कोर्टात गेले. ज्यांनी दुसऱ्याला कमी मोजले त्यांना तिसऱ्याने कमी मोजले. हे चक्र आपल्यापैकी कोणाला अनोळखी आहे असे नाही.

बायका तर मुळात मोजणीतच नव्हत्या. ज्या बायकांनी मासे निवडून समाजाची ओळख पटवली त्या सज्जात बसल्या. १९२५ साली डॉ. जेरुशा झिराड यांच्या पुढाकाराने मुंबईत ‘ज्यूइश रिलिजस युनियन’ ही सुधारक विचारांची संस्था सुरू झाली. झिराड या प्रसूतितज्ज्ञ. पुढे १९६६ साली त्यांना पद्मश्री मिळाली. त्यांनी पुढाकार घेतलेल्या प्रार्थनेत स्त्री-पुरुष एकत्र बसू लागले.

आणि सर्वांत मोठी मोजणी इस्रायलमध्ये झाली. १९४८ नंतर हा समाज तिकडे जाऊ लागला. ज्या भूमीची आठवण दोन हजार वर्षे जपली असे ते मानत होते, तिथल्या धर्मपीठाने १९६० च्या सुमारास त्यांच्या लग्नसंबंधांवर शंका काढली आणि १९६२ साली त्यांच्या वंशाची चौकशी करण्याचे फर्मान काढले. समाजाने निदर्शने केली, ठिय्या दिला. १९६४ साली सरकारला जाहीर करावे लागले की बेने इस्राएल हे सर्व बाबतींत ज्यूच आहेत. कोकणात कोणी त्यांना ‘तुम्ही शनवार तेली नव्हेच’ असे म्हटले नव्हते.

आता आजची स्थिती. स्वातंत्र्याच्या सुमारास भारतात बेने इस्राएलांची संख्या सुमारे वीस हजार होती. आज ती चार-पाच हजारांच्या घरात आहे आणि त्यातले बहुतेक मुंबई-ठाण्यात. हे लोक हाकलले गेलेले नाहीत. इथे त्यांना कोणी त्रास दिला म्हणून ते गेले असे समाजातलेच लोक म्हणत नाहीत. २०१६ साली महाराष्ट्र सरकारने त्यांना अल्पसंख्याक दर्जाही दिला. ते गेले ते प्रार्थनेतल्या एका शब्दाच्या ओढीने आणि मुलांच्या भवितव्यासाठी. तिकडे लोद, दिमोना, अश्दोद, बेरशेबा इथे त्यांनी आपली सिनेगॉग काढली. ‘मायबोली’ नावाचे मराठी नियतकालिक तिकडून निघाले. प्रेषित एलियाहूच्या नावाने गोड पोहे, खोबरे आणि फळांचा ‘मलिदा’ तिकडेही होतो. देव आणि भाषा दोन्ही त्यांनी डोक्यावर घेऊन नेली.

मागे राहिल्या वास्तू. कोकणातल्या काही सिनेगॉगच्या आसपास आता दोन-चार घरे आहेत, काहींच्या आसपास तीही नाहीत. दिवा लावायला माणूस आहे, दहावा माणूस नाही. सणाला मुंबई-ठाण्याहून माणसे येतात तेव्हा मिन्यान होते आणि कपाट उघडते. एरवी वास्तू झाडून पुसून बंद. दारफाळणी तिथे आता वर्षभर असते.

अशा वास्तूचे काय होऊ शकते याचे एक उदाहरण सीमेपलीकडे आहे. कराचीचे ‘मागेन शालोम’ सिनेगॉग १८९३ साली सॉलोमन डेव्हिड या बेने इस्राएल गृहस्थांनी बांधले. ते तिथल्या नगरपालिकेत सर्व्हेअर होते. फाळणीनंतर आणि पुढच्या युद्धांनंतर समाज ओसरला. १९८८ साली ती वास्तू पाडली आणि जागेवर बाजाराची इमारत आली. शेजारी बदलले की दगडाला साक्ष द्यायला कोणी उरत नाही.

एस्तेर डेव्हिड या अहमदाबादच्या बेने इस्राएल लेखिकेची ‘द बुक ऑफ रेचेल’ ही इंग्रजी कादंबरी याच प्रश्नावर आहे. कोकणातल्या एका गावात एकटी उरलेली वृद्ध ज्यू बाई तिथले सिनेगॉग विकले जाऊ नये म्हणून झगडते. या कादंबरीला २०१० चा साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला. धर्माच्या हिशेबात ती बाई दहांत धरली जात नाही. तरी दार तिनेच सांभाळलेले असते. मासे निवडणाऱ्या बायकांपासून सुरू झालेली गोष्ट लेखिकेने पुन्हा एका बाईपाशी आणून सोडली. ही कादंबरी कोकणातली, माणसे मराठी बोलणारी, आणि भाषा इंग्रजी. मराठी साहित्याने या समाजाला पुरेशी जागा दिली का, हा प्रश्न आपण आपल्यालाच विचारायचा आहे.

श्रोते हो, सुप्याकडे परत येतो. पाण्याखाली गेलेल्या गावाबद्दल आपण बोलतो तेव्हा घरांच्या यादीपेक्षा जत्रेची, पालखीच्या वाटेची, कोणाच्या हातात कोणता मान होता याची आठवण आधी निघते. गाव म्हणजे तो क्रम होता. ज्याच्याकडे दिवटीचा मान तो गरीब असो की भांडखोर, त्याच्याशिवाय पालखी उठत नव्हती. सिनेगॉगच्या दहाव्या माणसात आणि आपल्या दिवटीवाल्यात मला फरक दिसत नाही. समाज टिकतो तो असा कोणासाठी तरी खोळंबून राहण्याने. ज्या दिवशी कोणावाचून काही अडत नाही, त्या दिवशी वास्तू कितीही भक्कम असली तरी ती रिकामी झालेली असते.

म्हणून कोकणातल्या सिनेगॉगचे रंगकाम, कौले, पर्यटनाची पाटी हे सगळे व्हावे, पण तेवढ्याने भागणार नाही. दहावा माणूस आपण होऊ शकत नाही. तो धर्म त्यांचा आहे आणि त्याचे नियमही त्यांचे. शेजारी मात्र आपण होतोच. कोणत्या आळीत कोण राहत होते, शनिवारी कोणता घाणा बंद असे, कोणाच्या कीर्तनात कोणती साकी होती, ‘शिळ्या सणा’ला कोणाकडून ताट येई, हे शेजाऱ्याला ठाऊक असते. ते सांगणारी माणसे गावोगाव अजून आहेत आणि ती वृद्ध होत चालली आहेत. प्रत्येक तालुक्यातल्या लहानमोठ्या साहित्यमंडळाने आपल्या भागातून गेलेल्या माणसांची, मग ती धरणामुळे गेलेली असोत की समुद्रापार गेलेली, एवढी एक वही जरी लिहून ठेवली, तरी पुष्कळ होईल. सुप्याची वही आणि अलिबागच्या इस्रायल आळीची वही शेजारी शेजारी ठेवता येतील. त्या दोन्ही मराठीच्या आहेत.